मीठ कुठं जात नाही

साळवीसाहेबांना कुणी पाणी दिलं, की ते लगेच प्यायचे नाहीत. पहिला घोट तोंडात धरायचे, डोळे मिटायचे, आणि घरचं माणूस रिकाम्या हातानं समोर ताटकळत उभं. मग घोट गिळून निकाल द्यायचे. "बोअरचं. खोल गेलंय." किंवा, "कालचं भरून ठेवलेलं दिसतंय." आमच्याकडे आलेल्याला आधी पाणी, मग बोलणं. त्या पाण्याची परीक्षा घेणारा पाहुणा गावानं पहिल्यांदाच पाहिला. दोन-तीन घरच्या बाया त्यांच्यावर चांगल्याच रुसल्या होत्या.

साहेब मूळचे कोकणातले. उभी नोकरी समुद्रकाठच्या एका सरकारी प्रयोगशाळेत, खारं पाणी गोडं करण्याच्या संशोधनात गेलेली. आमचं गाव कळमनुरीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. बोअर खोल जात गेले तसं पाणी मचूळ होत गेलं. डाळ शिजेना, चहात दूध फाटायला लागलं. सरकारनं प्रयोग म्हणून एक यंत्र आमच्याकडे बसवायचं ठरवलं, त्याला शाळेमागची खोली मिळाली आणि यंत्रामागोमाग साहेब आले. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, म्हणून खोलीची किल्ली माझ्या गळ्यात पडली. साहेबांची दोस्ती ही त्या किल्लीवर मिळालेली बक्षिसी.

मधल्या सुट्टीत ते जुन्या गोष्टी सांगायचे. सुरुवातीला म्हणे काचेच्या उतरत्या झाकणाखाली समुद्राचं पाणी उन्हात ठेवायचे. वाफ काचेला लागायची, थेंब ओघळायचे, आणि दिवसभर ऊन खाऊन संध्याकाळी हाती काय, तर बादलीभर पाणी. मग विजेच्या जोरावर मीठ ओढून काढायचे प्रयोग झाले. मग पडदा आला. त्यातून दाबानं पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडे अडतं. कितीतरी पडदे फाटले, कितीतरी फायली बंद झाल्या. "पाऊस चांगला झाला की आमचं संशोधन बंद," ते म्हणायचे. "दुष्काळ पडला की पुन्हा फोन." हे सांगताना ते हसत, पण त्यांच्यासोबतची निम्मी माणसं अशाच एका चांगल्या पावसात दुसऱ्या खात्यांत पांगली होती, आणि ते दुःख त्यांना कायम होतं.

माझ्या सातवीच्या वर्गावर त्यांनी एक तास घेतला होता. फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, 'मीठ कुठं जात नाही, फक्त जागा बदलतं.' पोरांकडून ते घोकून घेतलं. स्वतःच्या यंत्राचंही त्यांना फार कौतुक नव्हतं. यंत्राचं पाणी मुकं असतं, विहिरीचं पाणी बोलतं, असं त्यांचं मत. दोन पेले शेजारी ठेवले तर यंत्राचा कुठला हे ते डोळे मिटून सांगत, आणि कधी चुकत नसत.

चुकले ते दुसरीकडेच. यंत्रात गेलेल्या पाण्यातलं निम्मं गोडं होऊन बाहेर यायचं आणि उरलेल्या निम्म्यात सगळं मीठ गोळा व्हायचं. ते खारं पाणी आम्ही शाळेमागच्या कोरड्या ओढ्यात सोडत होतो. साहेबांचा जन्म समुद्राकाठी गेलेला. तिथं असलं पाणी समुद्रात सोडायचं, समुद्राला त्याचं काय? आमच्याकडे समुद्र नाही, एवढी साधी गोष्ट ज्यानं ते वाक्य फळ्यावर लिहिलं त्याच माणसाच्या ध्यानात आली नाही. माझ्याही आली नाही, पण मला कोण विचारतो.

ओढ्याच्या खालच्या अंगाला कौसाबाईचं शेत होतं. नवरा गेल्यावर बाईनं एकटीनं ते कसलं. तिथली जुनी विहीर उथळ होती, आणि सगळ्या शिवारात तेवढीच काय ती गोड्या पाण्याची राहिलेली. तिच्या जिवावर बाई हळद लावायची. एका साली हळदीच्या पानांची टोकं करपायला लागली. बाईला वाटलं रोग आहे, तिनं फवारे मारले. मग एक दिवस म्हशीनं हौदावरून तोंड फिरवलं, तेव्हा तिनं स्वतः ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं.

ती कळशी घेऊन तडक शाळेत आली. साहेबांपुढे पेला भरून ठेवला.

"सायेब, तुमी पानी वळखता म्हनं. हे कुठलं, सांगा."

साहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा बराच वेळ मिटलेलेच ठेवले. उघडले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"आमच्या ओढ्यातलं," ते म्हणाले.

"माज्या इहिरीचं हाय," कौसाबाई म्हणाली. ती भांडली नाही, ओरडली नाही. कळशी उचलून निघून गेली.

पाइप त्याच दिवशी बंद झाला. खड्डा खणून त्यात जाड प्लास्टिक अंथरलं, खारं पाणी तिथं आटवायला सुरुवात झाली. साहेबांनी झाला प्रकार वर लिहून कळवला. उत्तर आलं की प्रयोग एकंदरीत यशस्वी आहे. ते उत्तर वाचून त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी मला बरोबर घेऊन कौसाबाईच्या बांधावर गेले आणि हात जोडून म्हणाले, "मला माफ करा."

बाई गवत कापत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काहून इचारता? इहिरीला इचारा."

बोलून गेली ती रागाच्या भरात. साहेबांनी मात्र ते शब्दशः घेतलं. पुढं प्रयोग संपला, यंत्र ग्रामपंचायतीच्या ताब्यात गेलं, साहेब निवृत्त झाले. बायको आधीच गेलेली होती आणि लेक पुण्याला बोलावत होती. हा गृहस्थ कळमनुरीत एक खोली भाड्यानं घेऊन राहिला. दर उन्हाळ्यात इंजिन लावून कौसाबाईची विहीर तळापर्यंत उपसायची, पावसाळ्यात शाळेच्या पत्र्यावरचं पाणी पाइपानं तिच्यात सोडायचं, असा त्यांचा नेम. पावसाचं पाणी मीठ धुऊन नेईल, असा हिशेब. हळद तर बाईनं केव्हाच सोडून दिली होती.

पाऊस सरला की आम्ही दोघं जायचो. बाई विहिरीचं पाणी शेंदून तांब्या पुढं करायची. साहेब घोट धरायचे आणि मान हलवायचे. "मचूळच."

"मंग पुढल्या साली बघू," बाई म्हणायची. काही वर्षांनी ती त्यांना भाकरी वाढायला लागली, उशीर झाला तर वाटेकडे बघायला लागली. पण साहेबांना हवा होता तो शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही. आणि त्यांनीही पुन्हा मागितला नाही. ते तिला नाही, विहिरीला विचारत होते.

गेल्या साली ते अंथरुणाला खिळले. नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं, लेक येऊन राहिली. आता थोडेच दिवस, असं डॉक्टर म्हणाले. मी कौसाबाईला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन एस.टी. थांब्यावर माझ्या आधी हजर.

खाटेजवळ बसून तिनं पिशवीतून बाटली काढली. "सायेब, औंदा पानी गोड झालं इहिरीचं. पिऊन बघा. आता मनाला लावून घेऊ नका, माजं काही म्हननं न्हाई."

लेकीनं चमच्यानं पाणी पाजलं. साहेबांनी तेवढंही तोंडात धरलं आणि डोळे मिटले.

"गोड झालं, कौसाबाई," ते म्हणाले.

बाईनं पदर तोंडाला लावला आणि ती बाहेर गेली. साहेबांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता.

"गुरुजी, यंत्राचा पडदा बदलायला झालाय. थोडं मीठ येतंय. ग्रामपंचायतीला सांगा."

मी त्या बाटलीकडे बघत राहिलो. ती विहिरीवर नाही, शाळेमागच्या यंत्राच्या नळावर भरलेली होती. त्याच आठवड्यात साहेब गेले.

दिवस झाल्यावर मी कौसाबाईकडे गेलो. ती विहिरीच्या काठावर बसली होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मरत्या मानसासंगं खोटं बोलले, गुरुजी. जिवाला लई लागून राहिलंय."

मी तिला पडद्याचं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"म्हंजे इहीर गोड झाली न्हाई, हे त्यायला कळलं व्हतं."

"व्हय."

"बरं झालं," ती डोळे पुसत म्हणाली. "इहिरीनं न्हाई, म्या माफ केलं, ते बी कळलं मंग त्यायला."

मग तिनं पोहरा सोडला, पाणी शेंदलं आणि नेहमीसारखा तांब्या माझ्यापुढं केला. मी पहिला घोट तोंडात धरला. पाणी मचूळच होतं. मी ते सगळं प्यालो.