राक्षसांच्या बाजूने

मी गाव सोडलं त्या दिवशी कुडाळच्या स्टेशनावर माझा भाऊ आला होता. निरोप द्यायला आला असेल असं वाटून मी दोन पावलं त्याच्याकडे गेले, पण तो जागचा हलला नाही. भर दुपारच्या उन्हात, प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला हाताची घडी घालून उभा होता. ही खरंच गाडीत बसते की रडत घरी परत येते, एवढंच त्याला बघायचं होतं. मडगावची गाडी आली. तिथून पुढे बेंगळुरूची बस पकडायची होती. गाडी हलली तेव्हा दादाने हात केला नाही. मीही केला नाही.

आईला स्टेशनावर येऊ दिलं नव्हतं. मी उंबऱ्याबाहेर पडताना ती एवढंच म्हणाली, "पोचलंस की फोन कर गो." बाबा पाठ करून बसले होते.

ज्यांना घरातून निघताना कोणी ‘सांभाळून जा’ म्हटलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आणि गावात मागे राहिलेल्यांसाठीही. तुम्ही माझ्याबद्दल बरंच बोललात. आता माझं ऐका.

धामापूरच्या अलीकडे आमचं घर. बाबांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना, पंचक्रोशीत नावाजलेली. आषाढात लोक आपापले पाट आणून द्यायचे आणि चतुर्थीला त्याच पाटावरून गणपती घरी न्यायचे. मूर्ती बाबा करायचे, रंग दादा द्यायचा. डोळ्यांची आखणी मात्र माझ्याकडे होती. बाबांचा हात थरथरायला लागला तेव्हा मी कॉलेजात होते. एकदा सहज कुंचला घेतला आणि त्या वर्षापासून शाळेतल्या प्रत्येक गणपतीचे डोळे मीच उघडले. पण बसायचं आतल्या खोलीत, दार लोटून. बाहेर ओट्यावर लोक दादाची पाठ थोपटायचे. "काय नजर उतरलीहा रे, उमेश!" दादा मान खाली घालून हसायचा. एका वर्षी मी दारात येऊन म्हटलं, "डोळे मी काढलेत." गिऱ्हाईक गेल्यावर बाबांनी मला आत बोलावलं. "चेडवाच्या हातचे डोळे म्हटल्यार शाळेत कोण येतलो? गप ऱ्हव."

चेडू म्हणजे मुलगी. मी गप राहिले. पण हात गप राहीनात. पावसाळा सरला की शाळा बंद, आणि मी मोबाइलवर बोटभर उंचीचे पुतळे रंगवणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत बसायचे. हे पुतळे एका खेळासाठी असतात. टेबलावर पुठ्ठ्याचं, लाकडाचं पडकं शहर मांडायचं. एका बाजूला निवडक गुप्तहेरांचं पथक, मोजकीच माणसं, पण एकेक जण तयारीचा. दुसऱ्या बाजूला परग्रहावरून आलेले जीव, गटारातून वर येणारे राक्षस. टेपने अंतर मोजून एकेक पुतळा पुढे सरकवायचा, फासे टाकायचे, मारायचं किंवा मरायचं. मला खेळ कळत नव्हता, पण ते चेहरे कळत होते. उरलेल्या मातीतून मी राक्षस करायला लागले. एकाला सहा डोळे दिले. प्रत्येक डोळ्यात वेगळा राग भरला. फोटो टाकले, तर बेंगळुरूहून रेश्मा नावाच्या बाईचा निरोप आला. तिचा असे पुतळे घडवून रंगवणारा स्टुडिओ होता. "हे कोणी केलंय? माझ्याकडे काम करशील?"

त्याच आठवड्यात दादाला ते राक्षस सापडले. गणपती सुकवायच्या फळीवर मी ते ठेवले होते. चार माणसं ओट्यावर बसलेली असताना तो ते बाहेर घेऊन आला. "देवाच्या फळयेर भुतां सुकत घातलीहत हिणां!" असं म्हणून त्याने एकेक उचलून माती भिजवायच्या कुंडीत टाकला. कच्चेच होते. पाण्यात त्यांचा चिखल व्हायला वेळ लागला नाही. मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "ज्या हातान ही भुतां केलंस, त्या हातान माझ्या गणपतीक शिवाचां नाय."

ओट्यावरच्या चौघांपैकी एकानेही विचारलं नाही की मग यंदा डोळे कोण काढणार. त्यांच्या लेखी ते दादाच काढत होता. मी रेश्माला ‘येते’ असं कळवलं.

बेंगळुरूने मला प्रेमाने जवळ घेतलं वगैरे काही नाही. घरमालकीण माशाच्या वासावरून रोज कटकट करायची. भाजीवाल्याशी कन्नड जमेना, हिंदी बोललं की तो तोंड फिरवायचा. स्टुडिओत सगळं प्रायमर, बेसकोट, वॉश, डेडलाइन. उकडा तांदूळ दुकानात मिळायचा, पण तो आमच्यासारखा नव्हता, आणि त्याच्या पेजेने पोट भरलं तरी मन चिडलेलंच असायचं. मी गावावर चिडलेली, शहरावर चिडलेली, आणि दिवसभर भिंगाखाली राक्षसांचे दात रंगवत बसलेली.

रविवारी स्टुडिओतच टेबलं लावून खेळ व्हायचा. बाहेरचे लोक यायचे, बहुतेक आयटीतले. कार्तिक नावाचा एक जण त्यांच्यात वरचढ होता. मी एकदा बाजूला उभी राहून बघत होते, तर तो माझ्याकडे न बघता रेश्माला म्हणाला, "तुझी पेंटर अशी उभी राहिली की डिस्टर्ब होतं. पेंटर लोकांना रूल्स कळत नाहीत."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. "मी राक्षस घेते," म्हटलं.

त्याचं पथक नावाजलेलं होतं. पुतळे मीच रंगवलेले. त्यांच्या कमांडरच्या कपाळावरची आठी माझी होती, स्नायपरच्या डोळ्यातला थंडपणा माझा होता. नियम म्हणाल तर महिनोन्महिने कानावर पडून पाठ झाले होते. कार्तिक हसत हसत खेळायला लागला. कमांडर पुढे, बाकीचे आडोशाला, दिसेल तो राक्षस टिपायचा. मी माझे मरू दिले. तो जितका पुढे आला तितके माझे उरलेले जीव भिंतीमागून त्याच्या पाठीशी गेले. कमांडर चौकात एकटा सापडला तेव्हा कार्तिकचं हसू गेलं.

"ही मूव्ह लीगल नाहीये!" तो ओरडला.

"टेप लाव," मी म्हटलं.

"तुझा राक्षस भिंतीआड आहे, त्याला कमांडर दिसत नाही!"

"खाली वाकून बघ. डोळे मी काढलेत, कुठे बघतो ते मला ठाऊक आहे."

त्याने वाकून पाहिलं. टेपही लावली. मग आजूबाजूचे सगळे भांडणात पडले, काही त्याच्या बाजूने, काही माझ्या. मी घसा फुटेस्तोवर ओरडले. एवढ्या मोठ्या आवाजात मी आयुष्यात बोलले नव्हते. खेळ मी जिंकला. हरले असते तरी दुसऱ्या रविवारी तिथेच बसले असते. तेव्हापासून मी नेहमी राक्षसच घेते. पथकातले लोक देखणे असतात, सगळ्यांना तेच हवे असतात. माझं मन तिकडे जातच नाही.

काही वर्षांनी, ऐन श्रावणात, दादाचा फोन आला. ‘कशी आहेस’ नाही, काही नाही. बाबांना झटका आला होता, उजवी बाजू गेली होती. "गणपती रंगवून झाले. डोळे ऱ्हवले आसत. येतंस काय?" मधल्या वर्षांत त्यानेच कसेबसे डोळे काढले होते, आणि गिऱ्हाइकं तुटत चालली होती, हे आईकडून मला कळत होतंच.

मी म्हटलं, "येतंय. पण बाहेर ओट्यार बसान काढतलंय."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "तुका काय करूचां तां कर," म्हणून त्याने फोन ठेवला.

मी आले आणि ओट्यावर बसले. बाबांना आत खाटेवर टेकून बसवलं होतं, तिथून त्यांना मी दिसत होते. लोक पाट बघायला यायचे, मला बघून थबकायचे. आबा परब हे आमचे बाबांच्या बाबांपासूनचे गिऱ्हाईक. ते म्हणाले, "उमेश, ह्यां चेडू काढतां डोळे? थंय भुतां करतां तांच मा? आमचो पाट द्या. आमी दुसऱ्या शाळेत जातंव."

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी उठावं, आत जावं, असं त्याला वाटत होतं, ते त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. मी उठले. परबांचा गणपती पाटासकट उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "न्या. मी जावच्या आदी कित्येक वर्षां तुमच्या घराक माझेच डोळे बघी होते. ह्या वर्षाक दुसऱ्याचे बघांदेत."

परब तो आंधळा गणपती फडक्याने झाकून घेऊन गेले. मी परत कुंचला घेतला. थोड्या वेळाने एक बाई पुढे झाली आणि म्हणाली, "माझो तेवढो आज होयत काय गो?" मग दुसरी आली. पाट उचलून नेणारे परबांसारखे अजून दोघे-तिघे निघाले. बाकीचे थांबले.

शेवटची मूर्ती आमच्या घरची. डोळे झाल्यावर मी ती बाबांसमोर नेली. ते बराच वेळ बघत राहिले. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले. "उजवो डोळो वर गेलोहा."

मी पाहिलं. गेला नव्हता. "नाय गेलो," मी म्हटलं आणि मूर्ती मखरात ठेवली. चतुर्थी होण्याआधीच मी परतीची गाडी पकडली.

पुढच्या वर्षी दादाने पेणहून तयार रंगवलेल्या मूर्ती आणून विकल्या. मला फोन केला नाही. बाबा त्या थंडीत गेले. मी गावी पोचले, बारावं झालं तसं निघून आले. दादा आणि मी दोन वाक्यंही बोललो नाही. काहींना वाटतं, अशा वेळी माणसं गळ्यात पडून रडतात. आम्ही पडलो नाही.

यंदा मात्र आई पहिल्यांदा बेंगळुरूला आली. घरमालकिणीला तिने पहिल्याच दिवशी सोलकढी पाजली, ती बाई अजून ‘तुमची आई कधी येणार’ विचारते. रविवारी मी तिला स्टुडिओत नेलं. ती कोपऱ्यात स्टुलावर बसून सगळं बघत होती. त्या दिवशी डाव फारच पेटला. कार्तिक टेबलावर हात आपटत होता, एक मुलगी नियमांचं पुस्तक नाचवत होती, मी दोघांवर ओरडत होते. आईला भाषा कळत नव्हती. मला वाटलं, ती घाबरली असेल.

घरी चालत येताना मी विचारलं, "कसां वाटलां?"

"सगळे तुझ्यावांगडा भांडतत गो," आई म्हणाली. वांगडा म्हणजे बरोबर.

"खेळ आसा तो, आये."

"तां कळता माका." ती थोडं अंतर चालली. "थंय तुझ्यावांगडा कोणी भांडलो पण नाय. नुसतां गप ऱ्हव म्हटल्यानी. मी पण म्हटलंय."

मी तिचा हात धरला. रस्ता ओलांडायचा होता.

घर कुठे आहे, असं आता कोणी विचारलं तर मी बेंगळुरू सांगते. समुद्र आठवतो, कोकमाचा वास आठवतो, आणि त्या आठवणींनी मी कधीकधी हैराण होते, हे खरं. पण ज्या ओट्यावर बसायला मला अट घालावी लागली, त्याला घर म्हणायला जीभ वळत नाही. इथे मी चुकले तर समोरचा ओरडतो, तो चुकला तर मी ओरडते, आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघेही त्याच टेबलाशी येऊन बसतो. मला एवढं पुरतं.