शेंगतेलाची फोडणी

आमच्या फौंड्रीसमोर खानावळ चालवणाऱ्या आक्कांना 'पुरे' हा शब्द ऐकूच यायचा नाही. ताटावर हात आडवा धरला, तर बोटांवरूनच तांबडा रस्सा ओतायच्या. "खावा की! लाजताय काय?"

नव्वदच्या दशकात मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला. शेंगदाणा पोटात गेला की त्याचा घसा सुजायचा, श्वास कोंडायचा. तसं मराठीत लिहून घेतलेलं कार्ड तो खिशात बाळगायचा. "मटणात दाणा नसतो," असं छातीठोक सांगून मीच त्याला आक्कांकडे नेलं.

आक्कांनी कार्ड वाचलं आणि वाढलेलं ताट त्याच्यापुढून उचललं.

"दाणा न्हाय, पन फोडणी शेंगतेलाची हाय की! मानूस मारताय काय?"

आक्कांनी घरातून कोरं पातेलं आणलं, त्यात भात शिजवला, अंडी उकडली.

पाहुणा मला म्हणाला, "देशोदेशी हे कार्ड दाखवलं. सगळे हसून 'चालेल' म्हणाले. नको म्हणणाऱ्या या पहिल्याच."

महिनाभर तो तिथंच जेवला. कार्ड पाठ झालं होतं, तरी आक्का रोज ते मागून घ्यायच्या, वाचायच्या, आणि मगच पातेल्याला हात लावायच्या.