बर्फमास्तर

कुणाचाही कोट, स्वेटर, रेनकोट हातात आला की मास्तर तो आधी उलटा करायचे. बाहेरून बघायचेच नाहीत. "बाहेरून सगळीच चांगली दिसतात," म्हणायचे, "आतून बघा, मग बोला." आमच्या वाडीतल्या शकूला बघायला पाहुणे आले, तेव्हा उकाडा फार म्हणून मुलाने ब्लेझर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. चहा येईपर्यंत मास्तरांनी तो उलटा करून मांडीवर घेतलाही होता. मुलाकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शकूच्या वडिलांनी डोळे वटारले, तसे मास्तर हळूच म्हणाले, "पोरगा बरा वाटतो. अस्तर तेवढं उसवलंय." लग्न जमलं. तो ब्लेझर मात्र मास्तरांनी साखरपुड्याआधी मागून घेतला आणि अस्तर नीट करून दिलं, तेव्हाच त्यांना चैन पडलं.

सावर्ड्याच्या बाजारात त्यांचं शिवणाचं दुकान होतं. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश, झालंच तर रिक्षाचे हूड. ती आपली पोटापुरती कामं. उमेदीची सगळी वर्षं गेली ती मुंबईला, परदेशी माल शिवणाऱ्या एका कंपनीत, आणि तिथं शिवायचे काय, तर बर्फावर घसरायला जाणाऱ्या हौशी लोकांची जाकिटं. कंपनीने गाशा गुंडाळला आणि मास्तर घरी परतले. मग मे महिन्यात गंजीफ्रॉक अंगाला चिकटलेला, हातात वारा घ्यायला पुठ्ठा, आणि तोंडात बर्फाच्या गोष्टी. स्वतः त्यांनी बघितलेला बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला. वाडीने त्यांचं नाव बर्फमास्तर ठेवलं ते थट्टेनंच, पण मास्तरांना ते मनापासून आवडायचं.

मी लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा मास्तर अजून नोकरीत होते, सुट्टीवर गावी आले होते. शेजारच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बघते तर एक बाई भर उन्हाची दोन स्वेटर घालून, हात पसरून उभी, आणि नवरा टेप घेऊन तिच्याभोवती फिरतोय. मला वाटलं, बाईला हिवताप भरला असणार. त्या काकी, मास्तरांची बायको.

"अवो, जीव जाताय माजा," काकी घामाने निथळत ओरडत होत्या.

"उभी ऱ्हा गप. बर्फाचं जाकीट काय उघड्या अंगावर मापतात? आत दोन कपडे असणार, त्याच्यावरून माप. आता हात वर कर. आता वाक. हात वर केल्यावर कंबर उघडी पडली की बर्फ शिरलाच आत."

अख्खी वाडी दगडी गडग्यापलीकडून बघत हसत होती. काकींना हिरवा रंग हवा होता. मास्तरांनी साफ नाही म्हटलं. बर्फात पडलेला माणूस लांबून दिसला पाहिजे, म्हणून जाकीट शेंदरीच. कंपनीत एका मोठ्या मालातलं कापड उरलं होतं, साहेबांना विचारून त्यांनी ते घेतलं आणि सुट्टी संपवून गेल्यावर तिथल्याच यंत्रांवर जाकीट शिवलं.

काकींची हौस एकच होती. नवऱ्याने जन्मभर ज्याच्यापायी आपल्यापासून लांब दिवस काढले, तो बर्फ एकदा डोळ्यांनी बघायचा. "तो आभाळातनं पडतो तवा आवाज येतो काय गो?" असं मलाच विचारायच्या, जशी काही मी बर्फातच वाढले होते. मास्तरांनी शब्द दिला होता, नोकरी सुटली की येईल त्या थंडीत मनाली. जाकीट तर तयारच होतं.

पण काकींच्या आधी मनालीला गेले मी, मी शिकवते त्या शाळेची सहल घेऊन. मास्तर तेव्हा सुट्टीवर आले होते, त्यांना कळलं तसे ते स्वतःच माझ्याबरोबर चिपळूणला जाकीट घ्यायला आले. दुकानदाराची कीव यावी असा तो प्रकार झाला. मास्तरांनी पहिलं जाकीट उलटं केलं आणि शिवणीवर बोट फिरवलं. "सुई म्हणजे भोक. शिवण म्हणजे भोकांची रांग. त्याच्यावर आतून पट्टी चिकटवलेली नसंल तर वरचं कापड कितीही भारी असूं दे, पाणी येणारच." ही पट्टी गरम हवेच्या यंत्रावर चिकटवायची असते आणि कंपनीत शेवटी शेवटी मास्तर तेच काम करत. हात जरा थांबला की कापड जळतं, जरा पळाला की पट्टी सुटते. दुसऱ्या जाकिटाची चेन त्यांनी कानाशी धरून ओढली. तिसरं घालून ते दुकानाच्या फरशीवर चक्क आडवे झाले, कारण बर्फावर माणूस पडतोच आणि पडल्यावर जाकीट वर सरकतं. आत कमरेला लवचिक पट्ट्याचा घोळ हवा. मनगटाशी आत दुसरी बाही हवी. काखेत चेन हवी, घाम बाहेर जायला. दुकानदाराने पिसं भरलेलं एक महागडं जाकीट पुढे केलं. मास्तर म्हणाले, "पीस हलकं, ऊबही मोठी, पण भिजलं की त्याचा गोळा. हिला पोरांमागनं धावायचंय. धाग्याची भरण द्या, ती भिजली तरी ऊब सोडत नाय." मग माझ्याकडे वळून, "ऊब कापडात नसते हां सूनबाय. ऊब आत कोंडलेल्या हवेत. आपण फक्त हवेला घर शिवतो." दुकानदार म्हणाला, "काका, घ्यायचंय की नाही?" घेतलं आम्ही, आणि ते फार चांगलं निघालं.

परत आले तर दोघं खळ्यातच वाट बघत होती. मास्तरांनी पहिला प्रश्न केला, "काखेत घाम आला काय?" काकींनी विचारलं, "हातात घेतल्यावर कसा लागतो गो?" मी म्हटलं, मिठासारखा दिसतो, पण हातात धरवत नाही, पाणी होतो. त्या जरा वेळ आपल्या तळव्याकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग बिगीबिगी बगायला पायजे."

ते काही जमलं नाही. नोकरी सुटली त्या थंडीत मास्तरांच्या आईने अंथरूण धरलं. ती गेली, तर मुलीचं लग्न. मुलगी चिपळूणला दिली, तिथं पुराचं पाणी घरात शिरलं. काकी चिखल काढायला गेल्या त्या खोकला घेऊन परत आल्या. दरवर्षी आमच्याकडे असंच. लावणी झाली की बघू, गणपती झाले की बघू, शिमगा होऊन जाऊ दे. शिमगा होईपर्यंत थंडी संपलेली असायची.

आणि जाकीट कपाटात. कोकणात जिवापाड जपायची वस्तू म्हणजे प्लास्टिकमध्ये बांधायची वस्तू. आगोटीला, पावसाच्या तोंडावर, लाकूडफाटा घरात घेतला की आम्ही बायका शालू, फोटो, कागदपत्रं, सगळं पिशव्यांत घालून वर दोरी आवळतो, नाहीतर श्रावणापर्यंत बुरशीची लव चढलेली असते. मास्तरांनी जाकिटाला तेच केलं. एका पिशवीत दुसरी, आत डांबरगोळ्या, वर सुतळीची गाठ. घडी मोडेल म्हणून उघडायचीसुद्धा नाही.

एका पावसात लावणी चालू होती. काकी डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ घेऊन ओणव्या होत्या. खोळ पाठ झाकते, पण छाती, हात, मान, सगळं भिजतंच. दुपारी भाकरीला घरी आल्या तेव्हा त्यांचे ओठ काळेनिळे झाले होते. मी तिथंच होते. त्या म्हणाल्या, "अवो, आज ता जाकीट घालू काय? तेवढाच दिवस."

मास्तर म्हणाले, "ता बर्फाचा हाय. चिखल लागला की कापडाची छिद्रं बुजतात, मग त्याचा श्वास जातो."

काकी हसल्या, खोळ झटकली आणि परत शेतात गेल्या. मला मास्तरांचा असा राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. कापडाचा श्वास त्यांना कळत होता, आणि बायकोला लागलेली धाप शेजारी बसून ऐकू येत नव्हती. पण वाईट माणूस नव्हता तो. ते जाकीट म्हणजे त्यांनी बायकोला दिलेला शब्द होता, आणि शब्दाला चिखल लागू द्यायचा नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

शेवटी एका वर्षी जावयाने रेल्वेची तिकिटं काढूनच आणली. जाण्याआधी काकींना तपासून घ्यावं म्हणून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, फुप्फुसं फार थकलीत. थंडी नको, उंच जागा तर नकोच. परत येताना रिक्षात काकीच म्हणाल्या, "जाव दे. टीव्हीत दिसतो की."

त्या मार्गशीर्षात सकाळी बरा गारठा पडला होता. काकी खळ्यात उन्हाला बसल्या होत्या. एकाएकी म्हणाल्या, "मनाली ऱ्हायली ती ऱ्हायली. जाकीट तरी घाला माज्या अंगात. मापं देताना अर्दी मेले होते मी." मास्तर लगेच उठले. पिशवी बाहेर आणली, सुतळी सोडली, दुसरी पिशवी सोडली, आणि सवयीने जाकीट आधी उलटं केलं.

आतलं सगळं गेलं होतं. कापडाच्या पोटाला पाणी अडवणारा जो पातळ थर असतो, तो कोंडलेल्या दमटपणात कुजून चिकट झाला होता आणि साय धरावी तसा सुटत होता. मास्तरांनी गरम हवेवर एवढ्या निगुतीने चिकटवलेल्या पट्ट्या शिवणींवरून लोंबत होत्या. पिशवीत बांधलं नसतं, मोकळं टांगलं असतं, अधूनमधून अंगावर घातलं असतं, तर ते आणखी कितीतरी टिकलं असतं. हे दुसऱ्या कुणाच्या जाकिटाबद्दल मास्तरांनी हसत हसत सांगितलं असतं. आता ते नुसतेच हातात धरून उभे होते. एक टाका चुकला तर माल परत पाठवणारा माणूस.

"दुसरं शिवतो," ते म्हणाले.

"कदी?" काकींनी विचारलं. त्यात राग नव्हता. "ताच घाला."

मी आणि मास्तरांनी मिळून ते त्यांच्या अंगात घातलं. काकी इतक्या वाळल्या होत्या की आत दोन नाही, चार स्वेटर मावले असते. मास्तरांनी चेन लावली, टोपी डोक्यावर ओढली, मनगटाची आतली बाही अंगठ्यात अडकवून दिली. काकी हलल्या तसे त्या थराचे पांढरे पापुद्रे बाह्यांतून, टोपीतून सुटायला लागले. खांद्यावर, लुगड्यावर, खाली सारवलेल्या खळ्यावर. काकींनी एक तळव्यावर घेतला, निरखून बघितला.

"अवो," त्या म्हणाल्या, "ह्यो तर पाणी होत नाय."

मास्तर घरात गेले. आतून रडण्याचा आवाज आला. काकी उन्हं वर येईपर्यंत तशाच बसून होत्या, शेंदरी, लांबून दिसतील अशा, आणि मला म्हणाल्या, "त्यास्नी काय बोलू नको हां गो. लय जपला त्यांनी."

पुढल्या आषाढात काकी गेल्या. पाऊस खळत नव्हता. सरणावर पत्रा धरून चार माणसं उभी राहिली तेव्हा कुठं अग्नी लागला. दिवसकार्य झाल्यावर मुलगी मास्तरांना चिपळूणला चला म्हणून विनवत होती. मनालीला नेते, एकदा बघून तरी या, असंही म्हणाली. मास्तर म्हणाले, "मी एकट्यानं जाऊन तिथं काय बघू?" मी चहाचे कप उचलत होते, तर माझ्याकडे बघून, पण मला नव्हे, म्हणाले, "जाकीट बर्फासाठी राखला, आणि पावसात भिजवली तिला."

त्यानंतर कुणाचा कपडा उलटा करताना मी त्यांना पाहिलं नाही. दुकान उघडायचे, सांगितलं तेवढं शिवायचे. लोक आता त्यांना बर्फमास्तर म्हणेनासे झाले, नुसतं मास्तर म्हणत.

पुढच्या पावसात लावणीला मजूर लावून टाका असं सगळ्यांनी सांगितलं. मास्तर ऐकेनात. जन्मात कधी चिखलात न उतरलेला माणूस मूठभर रोप घेऊन काकींच्या खाचरात ओणवा झाला. ओळी वाकड्या जात होत्या. धो धो पाऊस आणि डोक्यावर खोळ नाही, टोपी नाही, काही नाही. बांधावरून मी हाका मारून दमले. शेवटी घरातली छत्री घेऊन खाली उतरले आणि त्यांच्यावर धरली. त्यांनी मान वर केली, पाण्याने डोळे उघडत नव्हते, आणि हाताने छत्री हळूच बाजूला सारली.

"असूं दे सूनबाय," म्हणाले. "जरा कळूं दे मला."