पदरातले फ्यूज

लातूर जिल्हा नवा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळात मी एका डाळमिलमध्ये कारकून होतो. छपरावरचा धूळ ओढणारा पंखा अडकला म्हणून मिस्त्री आला, सोबत त्याची बायको. तो पत्र्यावर चढण्याआधी तिनं मेन स्विचचे फ्यूज काढले, पदराच्या गाठीत बांधले आणि स्विचला पाठ लावून बसली.

"लाईट तर गेलेलीच आहे," मी म्हणालो.

"गेलेली लाईट सांगून येत न्हाई, साहेब."

आलीही तशीच. शेजारच्या मिली एकदम धडधडू लागल्या. मिलचे शेठ धावत आले. "घटकाभरात परत जाईल! दे फ्यूज!"

"माणूस वर हाय."

"अगं, झालं असंल त्याचं. हाक मारून बघ!"

तिनं हाकही मारली नाही. शेठनी हात पुढं केला, तशी तिनं गाठ मुठीत आवळली. वर पत्रा करकरत होता.

अखेर तो शिडी उतरला. "झालं, दे," म्हणाला. तरी गाठ सुटेना. तिनं आधी त्याचे दोन्ही हात ओढून घेतले, उलटेपालटे करून नीट पाहिले आणि मगच पदराची गाठ सोडली.