काढण्यासाठी घातलेली टोपी

परवा रविवारी पिंपरीत एका मोठ्या पुढाऱ्यांची सभा झाली, आणि मी जन्मात पहिल्यांदा तासभर गप्प बसलो... गावाकडच्या मित्रांनो, हसू नका. खरंच सांगतोय.

मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून काय चाललंय ते तुमच्याकडंही पोचलं असेल. मुंबईत गोळीबारात माणसं गेली. आणि हे पुढारी इथं येऊन सांगणार, झालं ते झालं, आता धीर धरा...

आमचे घरमालक तात्या इथल्या जुन्या गावातले, कांदा पिकवणारे. त्यांनी ठरवलं, सभेला जायचं, पुढंच बसायचं आणि डोक्यावरची टोपी काढून ठेवायची. बास. आपल्यात माणूस चारचौघांत उघड्या डोक्यानं कधी बसतो? घरातलं कुणी गेलं तरच ना...

मागं शेजारच्या गावात सभेत एक जण ओरडला, तेवढ्यावरनं पोलिसांनी सगळ्यांनाच काठ्या घालून उठवलं होतं. म्हणून तात्यांची अट एकच. कुणी तोंड उघडायचं नाही.

मला म्हणाले, "तू नगं येऊ बाबा. तुझ्या जिभंला हाड न्हाई."

खोटं नव्हतं. दोन वर्षांत तीन कारखाने सोडले ते मुकादमाला उलटून बोलूनच. पण मी हट्टच धरला. मग दुसरी अडचण निघाली... माझ्याकडं टोपीच नाही. भांग दिसावा म्हणून मी कधी घालतच नाही.

तात्यांनी स्वतःची जुनी टोपी दिली. ती माझ्या कानापर्यंत आली. काकू दारातनं म्हणाल्या, "काढायचीच हाय तर घालायची कशाला?"

"घातल्याबिगर काढल्याली दिसंल कशी?" तात्या म्हणाले.

सभेत आम्ही पन्नास-साठ जण पुढं बसलो. पुढारी बोलायला उभे राहिले तशी तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग एकेकानं काढली... मीही काढली.

फौजदार पळतच आला. "टोप्या घाला." कुणी हललं नाही. तो नेमका माझ्यापुढं थांबला. "का रे, बापाचं घर आहे का हे?"

उत्तर अगदी ओठावर आलं होतं, चांगलं झणझणीत... पण मी एक शब्द बोललो असतो तर साठ माणसांना उठवायला त्याला तेवढंच निमित्त पुरलं असतं. तात्यांनी माझ्या गुडघ्यावर नुसता हात ठेवला. मी टोपी मुठीत अशी आवळली की तिचा पार बोळा झाला.

"ऊठ," म्हणून त्यानं माझा दंड धरला. तेवढ्यात पुढाऱ्यांची नजर आमच्याकडं गेली. ते बोलायचे थांबले.

शेवटी तेही खेड्यातलेच. एवढी उघडी डोकी बघून त्यांचा हात आपसूक वर गेला, आणि त्यांनी स्वतःची टोपी काढली. हळूच विचारलं, "कोण गेलं गावात?"

कुणी बोललं नाही... मीसुद्धा.

मागनं एकानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. तेव्हा त्यांना उमगलं, आम्ही कुणासाठी बसलोय ते. टोपी परत डोक्यावर घालायला निघालेला हात अर्ध्यातच थांबला. आता घालावी तर मुंबईत मेलेल्यांचं दुःख नाही असं होणार, सगळ्यांच्या देखत...

त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. फौजदाराला म्हणाले, "सोडा त्याला. बसू द्या. काही बोलत नाहीत ते."

पुढचं भाषण त्यांनी उघड्या डोक्यानंच केलं, उन्हात, आणि लवकर आटपलं. मुंबईबद्दल त्यांचं म्हणणं काही बदललं नाही. पण खरं सांगू... माणूस मला थोडा आवडला.

घरी आल्यावर बोळा झालेली टोपी धुऊन, घडी घालून तात्यांना परत द्यायला गेलो. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "असू दे तुज्यापाशी. आजून लई सभा व्हायच्यात."

आता ती माझ्या खोलीत खुंटीला आहे. काल शिफ्ट सुटताना मुकादम परत वाकडं बोलला. मी गुडघ्यावर हात ठेवला... स्वतःचाच. चौथा कारखाना अजून टिकून आहे राव, तो तात्यांच्या कृपेनं.