खालच्या खाचरातले डबे

आमच्या घरात मोठ्यानं बोलणारी माणसं दोनच. एक मी आणि दुसऱ्या माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणायची रीत आहे. आमच्या दोघींच्या मधे आमचे मालक. त्यांचा आवाज फक्त तंबूचे खुंटे ठोकताना येतो.

हे तंबू म्हणजे आमचं पोट. भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी आमचा एक माळ होता, ना धड भाताचा ना धड गवताचा. तिथं आम्ही पर्यटकांसाठी तंबू लावायला सुरुवात केली. त्याआधी भात निघालं की घर आत्याबाईंवर आणि लेकरं देवावर सोडून आम्ही दोघं नारायणगावच्या बाजूला मजुरीला जायचो, ते थेट पुढच्या पेरणीला तोंड दाखवायचो. परत आले की माझी धाकटी मला बघून रडायची, तिला मी ओळखूच यायचे नाही. तंबू लागले आणि ते जाणं थांबलं. म्हणून तंबूंना कुणी नावं ठेवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, मग ती सासू का असेना.

आत्याबाई नावं ठेवायच्या, आणि त्यांचंही खरंच होतं. पुण्या-मुंबईची पोरं काजवे बघायला येतात, शेकोटी करतात आणि बियरचे नाहीतर थंड पेयांचे डबे बसल्या जागी टाकून जातात. डबा दिसायला किती देखणा! रंगीत, चकचकीत, हातात घेतला तर वजनच नाही. पण तेच वाईट. वारा त्याला माळावरून ओहोळात नेतो आणि पाणी त्याला ओहोळातून आमच्या खालच्या खाचरात आणतं. खाचर म्हणजे बांध घालून केलेलं भाताचं शेत. चिखलणीला पॉवर टिलर फिरला की डब्याच्या चिंध्या होतात, आणि प्रत्येक चिंधीला ब्लेडसारखी धार. वर चिखल, खाली पत्रा. कुणाला काय दिसणार?

मागच्या आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, आत्याबाई सगळ्यांच्या आधी खालच्या खाचरात उतरल्या. दर साली त्याच पहिल्या उतरतात. रोपांची पहिली मूठ संपते न संपते तोच ओरडल्या, "आगं आई गं!" पाय वर काढला तर चिखल लाल. राजूरला नेऊन टाके घातले. अंगात साखरेचं दुखणं, जखम काही भरता भरेना. बाकीच्या बायकांनी त्या खाचरात पाय घालायला नकार दिला, आणि त्यांना मी तरी कुठल्या तोंडानं बोलणार होते? खाचर पडीक राहिलं. आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून ते कधी पडीक राहिलं नव्हतं. खाटेवर पाय पसरून त्या दारातून तिकडं बघायच्या आणि तोंड फिरवायच्या. मला फार वाईट वाटायचं. पण आमच्याकडं वाईट वाटलं तरी ते भांडूनच सांगतात.

"आत्याबाई, पुढच्या साली गमबूट घाला तुमी."

"बूट? आईच्या अंगावर बूट घालून चढू? काय बोलतीस, कळतं का तुला?"

"मग करू तरी काय?"

"ऐक. पुढच्या आवनीला मी अनवानी उतरनार त्या खाचरात. एक जरी पत्रा पायाला टोचला, तर तुझं तंबू उपटीन आन् त्याच्या गोधड्या शिवीन. जमीन माझ्या नावावर हाय, ध्यानात ठेव."

जमीन खरंच त्यांच्या नावावर आहे. आणि आत्याबाई बोलतात ते करतात. मला नारायणगावचा रस्ता डोळ्यांपुढं दिसायला लागला.

त्यातून त्यांचा दारूवर जुना दात. माझे सासरे मी पाहिलेच नाहीत, ते दारूनंच गेले. बियरचा रिकामा डबा नुसता दिसला तरी आत्याबाई थुंकायच्या. आणखी एक त्यांचं मला कळायचं नाही. गोठ्यामागं एक जाडजूड जर्मनची डेग पालथी पडलेली असायची. ॲल्युमिनियमला आम्ही जर्मन म्हणतो. कोंबड्या तिच्यावर बसायच्या, मी तिच्यावर गोधड्या वाळत घालायचे. भंगारवाला दर वेळी तिच्याकडं बघून लाळ गाळायचा आणि आत्याबाई दर वेळी त्याला हाकलून द्यायच्या. म्हाताऱ्या माणसाचा जुन्या भांड्यात जीव असेल, असं मी धरून चालले होते.

दिवाळीनंतर वर्दळ सुरू झाली तसा मी तंबूंवर नियम काढला. डबा आण, ताट घे. रिकामा डबा पोत्यात पडल्याशिवाय जेवणाचं ताट मिळायचं नाही.

मालक म्हणाले, "अगं, गिऱ्हाईक पळून जाईल."

"भूक लागल्यावर कुठं पळतंय? फुडं घाटघर, मागं धरण!"

पहिल्याच आठवड्यात एक चष्मेवाला भेटला. म्हणे, "काकू, आम्ही पैसे दिलेत."

मी म्हणाले, "पैसे जेवणाचे दिलेत बाळा, माझ्या सासूच्या पायाचे नाहीत." आणि पातेल्यावर झाकण ठेवून वर बसकण मारली.

काय झालं पायाला, म्हणून विचारलं त्यानं. मी सांगितलं. मग तो आणि त्याचे सोबती मोबाईलचे टॉर्च लावून गवतात वाकून फिरले आणि प्यायले त्यापेक्षा जास्तच डबे घेऊन आले. पिठलं-भाकरी मागून मागून खाल्ली. जाताना आत्याबाईंच्या पाया पडला पोरगा. आत्याबाई म्हणाल्या, "आता पायाला हात लावून काय उपेग?" पण त्यांना बरं वाटलं होतं, ते मला कळलं.

मालक आणि मी खालचं खाचर निवडायला बसलो. तांदूळ निवडतात तसं निवडलं म्हणा ना. खोऱ्यानं माती ओढायची, हातानं चाळायची, पत्रा काढून पोत्यात टाकायचा. हिवाळा गेला त्यात. खाचर कसं लख्ख झालं. आणि चैतात अवकाळी पाऊस आला! ओहोळाला पाणी सुटलं, आणि सकाळी जाऊन बघते तर लाल, निळे, हिरवे डबे खाचरभर, पुन्हा पहिल्यासारखे. आमच्या तंबूंचे नव्हते ते. वरच्या अंगाला जेवढे तंबू होते, त्या सगळ्यांचं आमच्या दारात आलं होतं. मी बांधावर बसले आणि रडले. रागानं रडले.

मालक म्हणाले, "आपण एकटं काय करणार?"

मागून काठी टेकत आत्याबाई आल्या. "एकट्यानं कशाला करतीस? हिर्जिक घाल."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. इर्जिक म्हणजे एका घरचं मोठं काम सगळ्या वाडीनं एका दिवसात उरकायचं, आणि त्या घरानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. नांगरटीला इर्जिक घालतात, घर शाकारायला घालतात. कचरा वेचायला कुणी घातलेली मी ऐकली नव्हती. मालक दारोदार सांगून आले तर पुरुष मंडळी हसली. बायका हसल्या नाहीत. आवणीला चिखलात पाय कुणाचे असतात? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

वरच्या तंबूंपासून खालच्या खाचरापर्यंत सगळा कोरडा ओहोळ आम्ही वेचून काढला. हसणारे पुरुषही दुपारपर्यंत पोती वाहायला आले. गाव करी ते राव न करी! जेवणाची मात्र माझी फजिती झाली. मंडपवाल्याची कढई भाड्यानं सांगितली होती, ती आलीच नाही. घरच्या पातेल्यांत भात थोडा थोडा शिजवत राहिले आणि पंगत ताटं वाजवत बसली.

एक जाऊबाई म्हणाली, "या डब्यांचीच वाडीला एक कढई ओतून घे की! आमी उपाशी मरन्यापरीस बरं."

ती चेष्टेनं म्हणाली, मी मनावर घेतलं. आणि तंबूवाल्या सगळ्या जणींनी त्याच पंगतीत माझा नियम उचलला. आता धरणाकाठी कुठल्याही तंबूवर जा, डबा आण, ताट घे.

आत्याबाईंना कढईचं कळलं तशा त्या उसळल्या. "दारूच्या डब्यांची कढई? तिच्यातलं शीतसुदिक मी तोंडात घालनार न्हाई. सांगून ठेवते."

तरी आम्ही टेम्पोत पोती भरून संगमनेरला गेलो. तिथं जर्मन वितळवून भांडी ओतणारी एक भट्टी आहे. भट्टीवाल्यानं एक डबा हातात चुरगाळला आणि मान हलवली. "ताई, हा पत्रा कागदावानी. नुसताच भट्टीत टाकला तर निम्मा जळून जातो. आधी जाड जर्मन वितळवायचं, त्याच्या पोटात हे डबे बुडवायचे. मग निघतो माल. जाड काहीतरी घेऊन या."

पोती तिथंच ठेवून हात हलवत परत आलो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आत्याबाई चुलीपुढं नागलीची भाकरी थापत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला. भाकरी तशीच परातीत ठेवून त्या उठल्या, गोठ्यामागं गेल्या, कोंबड्या हुसकल्या आणि ती डेग फरफटत अंगणात आणली.

"ही ने."

"आत्याबाई, अवो, हिला तर तुमी कुनाला हात लावू देत न्हाई."

"हिच्यात तुझा सासरा दारू गाळायचा," त्या म्हणाल्या. "हिनंच खाल्ला त्याला."

मी म्हणाले, "मग इतकी वर्सं ठिवली कशाला? विकून टाकायची हुती."

"कुनाला विकू? विकली आसती तर दुसऱ्या कुनी हिच्यात दारूच लावली आसती. दुसऱ्या बाईच्या घरात कशाला घालू? म्हनलं, पडू दे माझ्याच दारात. पालथी."

त्या डेगेवर मी गोधड्या वाळवत होते आणि ही बाई रोज तिच्याकडं बघून दिवस काढत होती. मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला. म्हणाल्या, "मी बी येनार. मला ती वितळताना बघायचीय."

डेग भट्टीत मावण्याजोगी नव्हती, फोडावी लागणार होती. भट्टीवाल्यानं घण उचलला तर आत्याबाई पुढं झाल्या. "आधी मला."

घण त्यांना पेलला नाही. मग मी खालून हात लावला, आणि दोघींनी मिळून हाणला. कानठळ्या बसल्या. डेगेला नुसती चीर गेली, पण आत्याबाईंचं समाधान झालं. बाकीची त्यानं फोडली. तुकडे वितळून दुधासारखे पांढरे झाले, मग भट्टीवाला डबे चेपून चेपून त्यात बुडवायला लागला. रंग जळाला, काळा धूर झाला, वर मळी आली ती त्यानं झाऱ्यानं काढून टाकली. खाली राहिलं ते चकचकीत पाणी. त्यात डेग कुठली आणि डबा कुठला, काही सांगता येत नव्हतं.

"गेली एकदाची," आत्याबाई म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं. येताना स्टँडवर दोघींनी उसाचा रस घेतला. साखरेचं पथ्य मोडलं, पण त्या दिवशी मी चकार शब्द काढला नाही.

यंदाची आवणी आली. बायका रोपांच्या जुड्या घेऊन खालच्या खाचराच्या बांधावर उभ्या राहिल्या, कुणी पुढं होईना. आदल्या दिवशी मी सगळा चिखल हातानं चाचपला होता, तरी बांधावरून मी पुन्हा चिखलच निरखत होते. आत्याबाईंनी वहाणा काढल्या, लुगडं खोचलं, आणि आधी तोच टाके पडलेला पाय आत घातला. मग दुसरा. पोटरीपर्यंत बुडाल्या. एक पाऊल टाकलं, थांबल्या. आणखी एक टाकलं. खाचराच्या मधोमध गेल्यावर जराशा वाकल्या, चिखलात हात घालून सरळ झाल्या आणि मागं वळल्या.

"डोळं फाडून बघतीस काय? रोपं दे की!"

मला रडूच फुटलं. डोळे पुसत मी जुडी फेकली, ती भलतीकडंच पडली, आणि सगळ्या हसत हसत चिखलात उतरल्या.

दुपारी बांधावर जेवणं झाली. भात संगमनेरहून ओतून आणलेल्या नव्या कढईतला. मी वाढत वाढत आत्याबाईंपाशी आले आणि थांबले. त्या शीतही तोंडात घालणार नाही म्हणाल्या होत्या, म्हणून त्यांचा भात मी घरून वेगळा आणला होता. तर त्यांनीच ताट पुढं केलं.

मला चेष्टा सुचली. म्हणाले, "आधी डबा आणा, मग ताट घ्या."

आत्याबाईंनी कमरेच्या ओच्यात हात घातला आणि चिखलानं माखलेली एक पत्र्याची पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. लाल रंग अजून दिसत होता तिच्यावर. त्या वाकल्या होत्या त्या यासाठी!

"आत्याबाई! टोचला?"

"न्हाई टोचला. अंगठ्याला लागला, काढला." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "टोचला तर, आसं म्हनलं हुतं मी. घावला तर काय करीन, ते कुटं म्हनलं हुतं?"

पट्टी मी मुठीत घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं त्यांना कढईतला भात वाढला. त्यांनी एक घास घेतला, सावकाश चावला, गिळला.

"मीठ कमी हाय," म्हणाल्या, आणि ताट परत पुढं केलं.