खुर्चीच्या नळीतलं पाणी

दातांच्या दवाखान्यात मावशी वीस वर्षं मदतनीस होत्या. हत्यारं उकळायची, पेशंटच्या गळ्यात रुमाल अडकवायचा, घाबरलेल्याचा हात धरायचा, ही सगळी त्यांचीच कामं. पण खरा जीव अडकलेला खुर्च्यांच्या नळ्यांत. दातांवर फवारायचं पाणी या बारीक नळ्यांतून येतं आणि आतून त्यांना बुळबुळीत थर धरतो. तो मारायला रोज संध्याकाळी औषध भरायचं, सकाळी पाणी सोडून धुऊन काढायचं. मग मावशी तिन्ही खुर्च्यांच्या पाण्याने स्वतः चूळ भरायच्या. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. लोकांच्या तोंडात जाणार ते आधी आपण बघावं, एवढाच त्यांचा हिशेब.

गेल्या महिन्यात माल पुरवणाऱ्याने नेहमीच्या निळ्या बाटल्यांऐवजी पांढरा कॅन आणून टाकला. दुसऱ्याच सकाळी मावशींची जीभ चरचरली, संध्याकाळपर्यंत गालाची आतून सालं निघाली. त्यांनी चष्मा पुसून कॅनवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. फक्त फरशी आणि टेबलं पुसण्यासाठी, असं चक्क छापलेलं होतं.

त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या.

"अहो मावशी, आतलं औषध तेच. नुसतं लेबल वेगळं," डॉक्टर मान वर न करता म्हणाले.

"मग माझं तोंड का सोललं?"

"तिखट खाल्लं असेल काहीतरी."

तिखट म्हणे! वीस वर्षं इमानेइतबारे राबलेल्या बाईला हे उत्तर. चार दिवसांनी दाढ कोरून गेलेली एक शिक्षिका तोंडभर फोड घेऊन परत आली, तर तिला मलम लिहून देऊन वाटेला लावलं.

मावशींनी जेवणाच्या सुट्टीत फोन फिरवले. औषधांचं कार्यालय म्हणालं, हे औषध नाही, साफसफाईचा माल आहे. मालाला परवाना देणारे म्हणाले, आम्ही फरशीसाठी दिलाय, कोण कुठे ओततो ते आम्ही कसं बघणार? पाणीवाले म्हणाले, नळापर्यंत आमचं, खुर्चीतलं नाही. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फरशीला वाली होता, नळाला वाली होता, माणसाचं तोंड तेवढं बेवारशी!

मग एका संध्याकाळी डॉक्टर आपणहून नळ्यांपाशी आले. त्यांची आठ वर्षांची लेक सकाळी दाढ भरून घ्यायला येणार होती.

"मावशी, आज मधल्या खुर्चीत जुनं औषध घाला," ते हळूच म्हणाले. "एक निळी बाटली मी बाजूला ठेवलीय."

बाजूला ठेवलीय! म्हणजे सगळं माहीत होतं. मावशींनी बाटली घेतली आणि मधली खुर्ची भरली. बाकीच्या दोन्ही खुर्च्यांवर चादरी टाकून त्या घरी गेल्या.

सकाळी लेक आ वासून खुर्चीत पडली होती, डॉक्टर तिच्यावर वाकले होते. बाहेर पेशंटांच्या टेबलावर मावशींनी पांढरा कॅन लेबल पुढे करून ठेवला होता. पुन्हा दाखवायला आलेली फोडवाली शिक्षिका तो हातात घेऊनच आत आली.

"डॉक्टर, हे कशासाठी वापरता तुम्ही?"

डॉक्टरांचा हात थांबला. उत्तर मावशींनीच दिलं.

"हिला सोडून बाकी सगळ्यांसाठी."